नऊ शाळांची एक यादी

सोमवार, ४ जून १९६२
विमा कंपनी तयार! शिक्षक संघाचे चिटणीस शामण्णा स्वतः पत्र घेऊन माझ्या ऑफिसात आले. दोनदा वाचलं. बसवनगुडीकडच्या नऊ सरकारी शाळांतले सगळे, शिपाई-आयांसकट, एका यादीत आले तर इस्पितळाचा खर्च कंपनी देईल, हप्ता सगळ्यांच्या पगारातून. तपासणी नाही. जुनं दुखणंही चालेल. एक नाव जरी गळलं तरी करार नाही. मुदत शनिवार.
म्हणजे अक्काचं ऑपरेशन होणार. एरवी तो खर्च आमच्या आवाक्यातला नाही. तिने एकटीने अर्ज केला, तेव्हा पोटातली गाठ म्हणताच याच कंपनीने परत पाठवला होता.
अक्का एवढंच म्हणाली, "शाळेत गाठीचं कुणाला कळू देऊ नकोस हं." शिवणाच्या बाई, चारचौघांत दुखणं काढायचं नाही.

बुधवार, ६
आठ शाळांच्या सह्या झाल्या! शामण्णा सायकलवरून उतरतच नाहीत. अर्ज मी लिहिला. त्यांच्या चार पानांचं एक केलं.
नवव्या, अक्काच्याच शाळेत एकटे ड्रिलमास्तर रंगराव अडलेत. "मला सर्दीसुद्धा होत नाही, स्वामी. दुसऱ्याच्या पोटदुखीला माझा पगार का कापायचा?"
अक्काने ऐकलं. जेवली नाही.

शुक्रवार, ८
अक्का आज रंगरावांच्या घरी. मी सोबत. मुद्दे लिहून नेले होते, तिने तोंडच उघडू दिलं नाही.
"रंगराव, ती पोटदुखी माझी. गाठ आहे. तुमच्या पोरांच्या कवायतीच्या चड्ड्या शिवते ना, तीच मी."
मास्तरांनी खुर्ची पुढे केली. मग, "हे आधी बोलायचं नाही का, अक्का? स्वल्प, जरा बसा." आत कॉफी सांगितली. सही केली! वर म्हणतात, "चड्ड्या सहा महिन्यांत उसवतात तुमच्या. बऱ्या व्हा, नीट शिवा."
"पोरांना बैठका कमी काढायला लावा," अक्का. दोघंही हसत सुटले. मी कॉफी सांडली.

शनिवार, ९
यादी कंपनीत दिली. अधिकाऱ्याने नावं दोनदा तपासली. "सरी," म्हणजे ठीक. पण शेवटची मंजुरी मद्रासच्या कचेरीची. उत्तर गुरुवारच्या टपालाने.
डॉक्टरांनी ऑपरेशनला सोमवार, १८ धरलाय. उत्तर उलटं आलं तर…
अक्काने लगेच इस्पितळात पिटाळलं, "खाट दुसऱ्याला देऊ नका म्हणावं." सांगून आलो. गुरुवारी पोस्टमनची वाट पाहायची नाही. मी आणि शामण्णा पोस्ट उघडायच्या आधीच दारात उभे राहणार.