कंसातला प्र.

३ जून, मंगळवार
आज मोठा दिवस. कुलगुरू चंद्रप्रकाश सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, परब, आपल्या विद्यापीठाला वेब-बेस्ड कॅम्पस मॅनेजमेंट सिस्टिम पाहिजे. प्रवेश, हजेरी, परीक्षा, निकाल, रजा, सगळं एका स्क्रीनवर. प्लॅन तुम्ही करा, ऑगस्टमध्ये डेमो द्या. डेमो जमला तर तुमच्या कायम होण्याचं बघू.

सर 'बघू' म्हणाले म्हणजे झालंच. माझ्या दारावर कित्येक वर्षं एकच पाटी आहे: सर्वेश परब, सिस्टिम प्रमुख (प्र.). कंसातला प्र. म्हणजे प्रभारी. पद रिकामं आहे, भरायला परवानगी नाही, तोवर तुम्ही सांभाळा, असा त्याचा अर्थ. नवीन लोकांना मी प्र. म्हणजे प्राध्यापक असं सांगतो.

संकल्प: ऑगस्टपर्यंत कंस काढणे.

४ जून
घरी क्षमाला सांगितलं. बायको बँकेत असली की तिला कशाचंच कौतुक नसतं. म्हणाली, लेखी दिलंय का काही? मोठ्या कामात लेखी मागायचं नसतं, हे तिला कोण समजावणार.

सासऱ्यांना बोरिवलीला फोन लावला. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. फोन उचलला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: काय जावयबापू, अजून प्रभारीच आसात काय? आज मी सांगून टाकलं, भाऊ, यंदा गणपतीला गावी येईन तो कायम होऊनच. भाऊंनी 'बरां, बरां' म्हणून फोन ठेवला. भारावले असणार.

९ जून, सोमवार
कामाला जोरात सुरुवात. दिवसभर सिस्टिमचं नाव शोधलं आणि सापडलं: सर्व ई-शिक्षण. थोडक्यात सर्व-ई-श.

उत्तराला दाखवलं. ही आमच्या विभागाची प्रोग्रामर, कंत्राटावर आहे. खरं म्हणजे मी प्रमुख आणि ती विभाग. म्हणाली, सर, हे तर तुमचंच नाव झालं ना. मी म्हणालो, योगायोग.

१८ जून
उत्तराचं म्हणणं, आधी प्रत्येक विभागात जाऊन लोकांना विचारूया, काम कसं चालतं ते. मी नको म्हणालो. विचारलं की लोक सांगत बसतात. मला इथलं सगळं माहीत आहे.

मोठा व्हाइटबोर्ड मागवला. वेगवेगळ्या रंगांत चौकोन काढले, बाण काढले. झकास दिसतं. मानखुर्दच्या उपकेंद्राला कुठलाच बाण लागत नाही, ते तूर्त कोपऱ्यात ठेवलं आहे.

१९ जून
सफाईवाल्यांनी बोर्ड पुसला. सुरुवातीला वाट लागली असं वाटलं. मग लक्षात आलं की जे आठवत नाही ते अनावश्यकच होतं. प्लॅन आता खूप सुटसुटीत झाला आहे.

१ जुलै, मंगळवार
आज ऐतिहासिक निर्णय घेतला. कर्मचाऱ्यांच्या पानावर 'नेमणुकीचा प्रकार' असा रकाना आहे. त्यात निवडायला तीन पर्याय ठेवले: कायम, कंत्राटी, मानद.

उत्तरा म्हणाली, सर, प्रभारी राहिलं. मी म्हणालो, राहिलं नाही, काढलं. आधुनिक सिस्टिममध्ये असल्या मागास शब्दाला जागा नाही. ती म्हणाली, अहो पण सर, इथे तर बघा ना, जवळजवळ... मी हात वर केला. नेतृत्व करताना हात वर करण्याचा फार उपयोग होतो.

दुसरा नियमही लगेच घातला. रजा असो, निकाल असो, मंजुरीचे अधिकार फक्त कायम अधिकाऱ्यांना. आलतूफालतू माणसाने सही केली की घोळ होतात.

माझ्या नावापुढे 'कायम' निवडलं. थोडं अगोदर, इतकंच.

११ जुलै, शुक्रवार
उत्तरा सगळ्यांची माहिती भरते आहे. सारखी विचारायला येते, ह्यांना कशात टाकू, त्यांना कशात टाकू. आज तिचा फोन आला तेव्हा मी रिक्षातून येत होतो, जेव्हीएलआरवर सगळी वाहतूक तुंबली होती, डोकं आधीच तापलेलं. सांगितलं, जवळचं दिसेल ते टाक गं, मला बारीकसारीक विचारू नकोस.

संकल्प: सोमवारपासून रोज एक तास तिने भरलेलं तपासणे.

२१ जुलै
तपासायला सोमवारी वेळ झाला नाही. आजही सोमवारच आहे, पण लोगोचं काम निघालं. लोगोत एक उगवता सूर्य, त्यात पुस्तक, पुस्तकात माऊस. क्षमा म्हणाली, उंदीर चावतोय पुस्तकाला असं वाटतं. तिला डिझाइन कळत नाही.

१ ऑगस्ट
क्षमाने गावच्या गाडीची तिकिटं काढली. विचारत होती, तुझी रजा मंजूर झाली का? मी म्हणालो, यंदा कागदावर रजा मागणार नाही. डेमोत सगळ्यांसमोर सिस्टिमवरच मागणार. ती म्हणाली, बघ हं, भाऊंना तू शब्द दिलायस, ते गावभर सांगत सुटलेत. मुद्दाम घाबरवते.

खरं सांगायचं तर मलाही थोडी धाकधूक आहे. भाऊंनी मला कधी नावं ठेवली नाहीत, नुसता तो एक प्रश्न विचारतात. त्याचं उत्तर यंदा तरी ताठ मानेने द्यायचं आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार
डेमो झाला. सुरुवात अप्रतिम. लोगोकडे सगळे बराच वेळ बघत राहिले.

मग मी माझ्या गणपतीच्या रजेचा अर्ज केला. सिस्टिमने मंजुरी देणारा कायम अधिकारी क्षणात शोधला. सर्वेश परब. मी बटण दाबलं, रजा मंजूर. टाळ्या पडल्या नाहीत, पण लोक विचारात पडलेले दिसले.

कुलसचिव रत्नप्रभा मॅडम म्हणाल्या, आता माझ्या रजेचा अर्ज करा बघू. केला. तोही मंजुरीसाठी माझ्याकडेच आला. परीक्षा नियंत्रकांचा निकालपत्रावरच्या सहीचा अधिकार माझ्याकडे. ग्रंथालयाचं कपाट उघडायची परवानगी माझ्याकडे. मानखुर्दसुद्धा माझ्याकडे.

चंद्रप्रकाश सरांनी स्वतःचं नाव शोधायला लावलं. त्यांच्यापुढे 'मानद' होतं. मॅडम 'कंत्राटी' निघाल्या. सर शांतपणे म्हणाले, परब, म्हणजे हे विद्यापीठ तुम्ही चालवता का?

तेव्हा उत्तराने खालच्या आवाजात सांगितलं की कुलसचिव प्रभारी आहेत, परीक्षा नियंत्रक प्रभारी, ग्रंथपाल प्रभारी, आणि गेल्या वर्षापासून कुलगुरूसुद्धा प्रभारीच आहेत. कायम अधिकारी आख्ख्या विद्यापीठात कोणीच नाही. हेच ती जुलैत सांगत होती म्हणे. मग स्पष्ट सांगायचं ना.

एकंदरीत डेमो चर्चेचा ठरला.

१३ ऑगस्ट
रत्नप्रभा मॅडमनी माझी रजा रद्द केली. म्हणाल्या, स्वतःची रजा स्वतःच मंजूर करणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. गणपतीपर्यंत बसून सगळं दुरुस्त करा. माझ्याशिवाय यांचं अडतं, हे यातून सिद्ध होतं.

क्षमाला सांगितलं. ती चिडली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाली, ठीक आहे रे, आम्ही जाऊ. भाऊंना काय सांगायचं ते तूच सांग.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
'प्रभारी' हा शब्द शेवटी सिस्टिममध्ये घातला. सगळ्यांच्या नावापुढे परत भरायचं म्हणजे वैताग, म्हणून मी युक्ती केली. एकच पर्याय निवडायच्या ऐवजी चौकटीत टिक करायची सोय दिली. उत्तरा म्हणाली, सर, मग एकाच माणसाला दोन टिक पडतील. मी म्हणालो, पडू देत, माणसं गुंतागुंतीची असतात.

माझी 'कायम'वरची टिक काढायला हात धजला नाही. 'प्रभारी'वर अजून एक केली.

क्षमा आणि भाऊ उद्या निघतायत. भाऊंना अजून काही सांगितलेलं नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार
चमत्कार. रत्नप्रभा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. सिस्टिमवरून नेमणुकीचे आदेश छापून निघतात का, हे बघायला त्यांनी पहिला आदेश माझाच काढला होता. खाली सही, शिक्का, सगळं रीतसर. मजकूर असा: श्री. सर्वेश परब यांची सिस्टिम प्रमुख या पदावर 'कायम प्रभारी' म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.

मी म्हणालो, मॅडम, यात काहीतरी चुकलंय. त्या म्हणाल्या, सिस्टिम तुमची आहे, चुकेल कशी. शिवाय कुलगुरूंनीही वाचलंय, त्यांना अगदी योग्य वाटलं.

घरी येईपर्यंत विचार केला. कायम हा शब्द लेखी आलेला आहे, आणि तोही पहिल्यांदा. लेखी लेखी म्हणून क्षमाच मागे लागली होती. शिवाय या वर्गात आख्ख्या विद्यापीठात मी एकटाच. कुलगुरूसुद्धा नाहीत.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी
सकाळी गावाहून व्हिडिओ कॉल. मूर्ती सुरेख आली आहे. भाऊ नव्या धोतरात. मागे सगळी भावकी उभी. मी कुठे आहे असं कोणीतरी विचारलं, तर भाऊ म्हणाले, जावयांका सुट्टी गावता काय, मोठा काम आसा त्यांचा. मग फोनकडे तोंड आणून हळूच विचारलं, झालात काय कायम?

मी म्हणालो, होय भाऊ. आदेश आलाय.

भाऊंनी डोळे पुसले आणि वळून सगळ्यांना सांगितलं. आरती थांबवून लोकांनी माझ्या नावाने नारळ ठेवला. मला इतकं बरं वाटलं, की इथे मुलुंडच्या घरात एकट्याने उभं राहून मीही टाळ्या वाजवल्या.

भाऊंनी आदेशाचा फोटो मागितला, फ्रेम करायला. एका हाताने आदेश नीट धरला, दुसऱ्या हाताने फोटो काढला, क्षमाच्या फोनवर पाठवला. 'कायम' अगदी ठळक दिसतं. पुढचा शब्द अंगठ्याखाली गेला, त्याला इलाज नव्हता.

दुपारी १२.१०. क्षमाचा मेसेज: फोटो भाऊंना अजून दाखवलेला नाही. अंगठा काढून परत पाठव.