यंदाची पाळी आणि मामांची कंबर

शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५. दुपारचे साडेतीन. मुक्काम सीफ, मॉलचे पार्किंग. गाडी बंद करून, दार उघडे ठेवून, स्टिअरिंगवर वही टेकवून लिहीत आहे.

तीर्थस्वरूप पांडुरंगमामांच्या चरणी बहरीनहून गौरेशचा साष्टांग नमस्कार.

मामा, तुमची कंबर कशी आहे? पत्राची सुरुवात करायची म्हणून विचारत नाही, खरेच कळवा. वाकता येते का? डोक्यावर वजन घेऊन बांधावरून चालता येते का? वैद्यांचे तेल चालू आहे, की मामीने ते पुन्हा समईत घातले? (मागच्या खेपेला घातले होते, असे आई म्हणाली.) मी इकडे बरा आहे. फोन का केला नाही, असे तुम्ही म्हणाल. खोलीत आम्ही सहाजण राहतो, आणि जे सांगायचे आहे ते पाचजणांनी ऐकावे असे नाही.

वर मॉलमध्ये परीक्षित सरांच्या मिसेस मखराचे सामान घेत आहेत. परीक्षित सर म्हणजे आमच्या कंपनीचे एचआरचे साहेब, मूळचे पुण्याचे. मी कंपनीचा ड्रायव्हर. पण शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, मी त्यांचा ‘आपला माणूस’ असतो, आणि आपल्या माणसाला ओव्हरटाइम नसतो. त्यांची मुलगी श्रेया ईसा टाउनच्या शाळेत आहे. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही सगळे समजते. उन्हात इंजिन चालू ठेवायचे नाही, पेट्रोल जळते, असे मिसेसनी सांगितले आहे. माणूस जळतो त्याबद्दल काही सांगितले नाही, म्हणून मी बसलो आहे. गावी तुम्ही माझा जो फोटो सगळ्यांना दाखवता, पांढऱ्या गाडीला टेकून उभा असलेला, ती हीच गाडी. त्या दिवशी मी ती पुसत होतो.

आता मुख्य गोष्ट. यंदा गणपतीची पाळी आमच्या घराची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तीन घरांत फिरता गणपती, तीन वर्षांनी एकदा आमच्याकडे. बाबा गेल्यानंतरची ही पहिली पाळी. आईने नागपंचमीलाच आमचा पाट मूर्तीसाठी गणपतीच्या शाळेत नेऊन दिला (मूर्ती घडवतात ती शाळा, माझी नव्हे, माझी नववीतच सुटली). आणि त्याच संध्याकाळी तिघांतल्या दुसऱ्या घरचे आबाकाका ओटीवर येऊन बसले आणि आईला म्हणाले, “वयनी, तुझो झील येवचो नाय तर पाळी आमका दी. मगे ती आमच्याकडेच ऱ्हवतली.” आईने मला फोनवर एवढेच विचारले, “येतलस मा रे?” मी हो म्हणालो. इथून हो म्हणायला पैसे पडत नाहीत.

सुट्टीसाठी मी आधी खरे लिहिले होते. ‘गणपती’ असे स्वच्छ कारण दिले. सर म्हणाले, “बघू, इंशाल्ला.” पुण्याचा माणूस इंशाल्ला म्हणाला की काय समजायचे, हे मला आता समजते. गणपतीत एकाच ड्रायव्हरला सोडता येते आणि ती जागा आमच्या खोलीतल्या कैलासला गेली होती. हा कुडाळचा. त्याने जानेवारीतच अर्ज दिला होता, आणि अर्जाबरोबर दोन किलो काजूगर. अर्ज मलाही लिहिता येतो, एकही चूक न करता. काजूगरांचे मला सुचले नाही.

मामा, बाबा गेले तेव्हा मला इथे येऊन तीनच महिने झाले होते. पासपोर्ट व्हिसाच्या कामाला गेलेला. तेव्हाचे साहेब म्हणाले, पासपोर्ट आला की जा. तो आला तेव्हा बारावा उरकला होता. बाबांना मी इथल्या जिदहफ्स गावातल्या एका भाजीच्या दुकानामागे उभा राहून फोनवर पाहिले, आणि तेही मधूनमधून, कारण आपल्याकडे रेंज नव्हती. त्या वेळी खरे सांगून सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून या वेळी म्हटले, खोटे सांगून पाहावे. अर्जाला जवळचे माणूस लागते. वडील एकदा खरेच वापरून झाले. आई होती, पण तो अर्ज मला लिहवेना. कागद समोर घेतला आणि बाजूला ठेवला. मग मामा, मी तुमचे नाव लिहिले. ३० जुलै, पहाटे, राहत्या घरी. मला क्षमा करा. मात्र तुमचे नाव, वय आणि गाव मी तीनदा तपासून बिनचूक लिहिले आहे.

सरांनी अर्ज वाचला, चष्मा काढला. “अरेरे. कशाने गेले?”

मला तुमचे एकच दुखणे माहीत. मी म्हणालो, “कंबर.”

“कंबरेने माणूस जातो?”

“आमच्याकडे जातो, सर.”

ते बराच वेळ हळहळले (मी मनात म्हटले, झाले काम), आणि मग अगदी मायेने म्हणाले, “म्हणजे यंदा घरी गणपती नसेल ना रे?” आणि मी, गाढव, म्हणालो, “आहे तर! यंदा पाळी आमचीच.”

मामा, आधीचे साहेब इजिप्तचे होते. त्यांना सुतक ठाऊक नव्हते. आपल्या माणसाच्या हाताखाली नोकरी करण्यातली अडचण ही अशी. सरांनी चष्मा पुन्हा लावला. “सुतकात गणपती आणणार?” मी म्हणालो, भाच्याला मामाचे सुतक तीनच दिवस. ते म्हणाले, “तीनच दिवसांचे सुतक म्हणजे तितके जवळचे नाहीत. मग जायला कशाला हवे? आणि जवळचे असतील तर सुतक मोठे, मग गणपती नाही. मग तरी जायला कशाला हवे?” मला यातून वाट सापडली नाही, अजूनही सापडलेली नाही. वर म्हणाले, “तू आपला माणूस. तुला सोडले तर बाकीचे बोलतील. शिवाय सत्तावीसला आमची मूर्ती घरी आणायची आहे, तू लागशीलच.” म्हणजे ज्या सकाळी आमचा पाट शाळेत वाट बघत असेल, त्या सकाळी मी दुसऱ्याचा गणपती चौथ्या मजल्यावर चढवत असेन. श्रेयाने आत्ताच बजावून ठेवले आहे, “केअरफुल हं अंकल, इट्स फ्रॅजाइल.” तिच्या वाक्यातला ‘हं’ तेवढा मराठी. मला तोही पुरला.

मामीस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. पत्र मिळताच प्रकृतीचे कळवावे, विशेषतः कंबरेचे.

आपला भाचा,
गौरेश

ता. क. १. चतुर्थीला सकाळी शाळेतून आमचा गणपती तुम्ही डोक्यावर घेऊन घरी आणावा, हीच विनंती करायला हे पत्र लिहिले. आबाकाका म्हणतील, मामा परक्या घराचा. त्यांना सांगा, पाट बाबांचा आहे. कंबरेला पट्टा बांधा आणि चढणीवर कोणाला तरी मागे घ्या.

ता. क. २. तुम्ही गेल्याचे खोलीत कसे फुटले कोण जाणे. कैलास रात्री माझ्याजवळ येऊन बसला, “मामाक काय झालेला रे?” म्हणाला आणि रडला. (माणूस वाईट नाही, काजूगर वाईट.) नंतर इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या सदानंदने रीतीप्रमाणे मयताची वर्गणी काढली. ते पैसे घेऊन कैलास ऋषिपंचमीला तुमच्या घरी मामीला भेटायला येणार आहे, आणि ग्रुपवर टाकायला फोटो काढणार आहे. तरी तुमचा एक फोटो हार घालून भिंतीवर लावावा. आधार कार्डावरचा नको, त्यात तुम्ही आधीच तसे दिसता. तुमचा गणपती मूळ घरी बसतो, त्यामुळे घर मोकळेच असेल. तुम्ही स्वतः त्या दिवशी आमच्याकडे आरतीला थांबा, दार उघडायला जाऊ नका. मामीने फार रडू नये, तिला हसू येते.

ता. क. ३. हिशेब. वर्गणी बावन्न दिनार. त्यात दहा माझे. सख्ख्या भाच्याने कमी घालून चालले नसते. बेचाळीस डब्यात वेगळे ठेवा, ते लोकांचे आहेत, मी पुढच्या प्रत्येक खऱ्या मयताला थोडे थोडे करून मंडळाला परत घालीन. माझे दहा तेवढे खरे, त्यातून मूर्तीचे पैसे द्या. सांत्वनाला आलेल्यांचा चहा आणि बिस्किटे, दोन दिनार चारशे फिल्स, माझ्याकडे लागले. पुढचे येणे काही नाही. मंडळाची मदत एका माणसाच्या नावावर एकदाच मिळते आणि तुमची मिळून गेली. तेव्हा मामा, प्रकृतीला जपा.