अर्ध्या वाटेवरचं पाणी

३ मे, रविवार
सुनंदा शुद्धीवर आहे. लघवीतून रक्त गेलं. दुपारी दोनला सौंसरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं: अंगात पाणी नाही, वरून हे ऊन. सरावात जामसांवलीच्या अलीकडे कोसळली.
माझी धाकटी बहीण. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची वाहक, म्हणजे पाण्याविना पळणं धोक्याचं; तिच्या मुलीला, आर्याला तर आजारच. अशा मुलांना रक्त चढवायला नागपूरला नेतात. त्यांच्या गाडीला पैसे जमवायला पुढच्या रविवारी मॅरेथॉन, सौंसर ते पांढुर्णा. मे महिन्यात! मुलांना उन्हाळा किती जड जातो ते लोकांना कळावं म्हणून, म्हणे.
सरावात पाणी एकदाच, अर्ध्या वाटेवर. देवराव काकांचा हुकूम.

४ मे
काका सगळ्यांना पळायला शिकवतात. जुने धावपटू, संत्र्याची बाग. बागेला सध्या ताण: पाणी बंद. पानं मलूल झाली, की मृगात पाणी मिळून झाड फुलानं लगडतं. तोच नियम माणसांना.
दवाखान्याच्या पायरीवर म्हणाले, "ताण देल्ल्याबिगर बहार येते काय, बापू?"
"ते झाड आहे काय, काका? वाहक आहे ते माहीत होतं ना तुम्हाले?"
"होतं. म्हणूनच तिले टणक करून राहिलो होतो."
मी हात उगारला नाही, एवढंच.

६ मे
त्यांच्यावर रागावणं सोपं. आमच्या पेपरात या ताणाचं कौतुक छापलं मीच. फोटोसकट, वेळेच्या आधी पाठवलं. डॉक्टरला एक फोन नाही. बातमीदार म्हणून जन्मभर दुसऱ्यांना विचारत आलो, खात्री केली का?
मोहगावच्या दोघी शिक्षिका ते वाचून बिनपाण्याच्या पळताहेत. आज जाऊन थांबवलं. एक म्हणाली, "पण भाऊ, पेपरात होतं ना."
दुरुस्ती पाठवली. संपादक: "मॅरेथॉन होऊ द्या, मग छापू."
मग कशाला? श्रद्धांजलीशेजारी?

९ मे, शनिवार
दुरुस्ती नाहीच आली. तीच दुरुस्ती चिठ्ठ्यांवर छापून आणली, खाली माझं नाव. सुरुवातीच्या रेषेवर वाटणार.
सु. घरी. धावायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. उद्या निदान चालायचं का, ते पहाटेची तपासणी पाहून.
"दादा, आर्या सुई टोचून घेते तवा मी म्हणते काय, आज राहू दे?"
ओरडलो तिच्यावर. आर्या रडली. तिच्यासमोर नको होतं.
संध्याकाळी काकांच्या बागेवरून आलो. मोटर चालू. मृगाला महिना असताना पाणी सोडलं. यंदाचा बहार गेला. बांधावर बसलेले.
"पानं पाहावली नाही," म्हणाले.
मी गाडीवरून उतरलो नाही. "उद्या पहिल्या पाण्यावर तुम्ही उभे राहा," एवढंच बोललो. मान हलली की नाही, कळलं नाही.
उद्या साडेचारला डॉक्टर, पाचला सुरुवात. पाणी आता दर दोन किलोमीटरला. सु.ने बूट दाराशी काढून ठेवलेत.