जाहिरातीखालच्या दोन ओळी

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही ‘मी ठीक आहे’ एवढं म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. पत्रात माझं बोलणं मधेच कोणी तोडत नाही. आपल्या वेबसाइटबद्दल एका कंपनीला सोमवारी हो किंवा नाही कळवायचंय. त्याआधी मला तुमचे आभार मानायचेत. समोर मानले असते तर तुम्ही चष्मा पुसत उठून गेला असता.

आईला अर्धांगवायू झाला आणि घरातल्या चित्रकलेच्या मास्तरांना नवा वर्ग मिळाला. आईला कुशीवर कसं वळवायचं, तिला न उठवता चादर कशी बदलायची, याची तुम्ही चित्रं काढायचात, खाली चार ओळी लिहायचात आणि मी ते वेबसाइटवर चढवायचे. घरोघरची माणसं वाचायला लागली. पण नुसत्या वाचण्यानं खर्च भागेना, म्हणून मी तुमच्या लेखांच्या रांगेतच, दिसायला तुमच्या लेखांसारख्या, जाहिराती घेतल्या. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, “लेखाचे कपडे घालून आलीय ना, मग दारातच नाव सांगू दे.” तेव्हापासून ‘ही जाहिरात आहे’ हे मथळ्याएवढ्या मोठ्या अक्षरांत असतं. जाहिरातदार कुरकुरले. खरं सांगायचं तर मीही कुरकुरले.

हवेच्या गादीचा घोळ आठवतो? मी तुम्हाला फक्त चित्र काढायला सांगितलं होतं. तुम्ही गादी आईखाली घालून पाहिलीत आणि जाहिरातीच्या शेवटी लिहून टाकलंत, ‘पंपाच्या घरघरीनं हिला झोप लागली नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना उत्तम.’ मी न वाचताच ते प्रसिद्ध केलं. गादीवाल्यानं फोनवर माझी अशी काही हजेरी घेतली की मी दिवसभर तोंड लपवून बसले. आईला सांगितलं तर ती वाकड्या ओठांनी इतकी हसली की तुम्हाला तिचे डोळे पुसावे लागले. पुढच्या महिन्यात त्याच गादीवाल्याचा मवाळ आवाजात फोन आला. परत येणाऱ्या गाद्या कमी झाल्या होत्या, मास्तर आणखी काही लिहितील का, म्हणून विचारत होता. मग प्रत्येक जाहिरातीखाली तुमच्या दोन ओळी यायला लागल्या. त्या कमाईतून दिवसाची नर्स ठेवता आली, तुम्ही दुपारी आडवे व्हायला लागलात आणि मी नोकरी न सोडता संध्याकाळी आईचे केस विंचरू शकले. ती वर्षं मला तुमच्यामुळे मिळाली, बाबा. मी फार ऋणी आहे तुमची.

नर्स आता दुसऱ्या घरी जाते. परवा रस्त्यात भेटली, तर आधी ‘सर जेवतात का नीट’ हेच विचारलं. मी हो म्हणाले, पण आम्हा दोघींनाही ते पटलं नाही.

आई गेल्यापासून रांगेत नुसत्या जाहिराती उरल्यात, मधे तुम्ही नाही. ही कंपनी म्हणते, आम्ही मास्तरांसारखेच लेख आणि चित्रं संगणकाकडून करून घेऊ, नाव त्यांचंच ठेवू, ‘जाहिरात’ हा शब्द खाली बारीक, फिकट अक्षरांत टाकू. पैसे भरपूर. नाही म्हटलं तर वेबसाइट फार दिवस टिकायची नाही, हे मला कळतं. मोह झाला, लपवत नाही. आणि वाचणाऱ्यांना फरक कळला नसता, याचीच मला भीती वाटली.

काल एका बाईंचा निरोप आला. ‘आमच्या ह्यांना जाऊन आठवडा झाला. हात सारखे त्यांच्या औषधाच्या वेळेला उठतात. आता या हातांचं काय करायचं, यावर सरांनी काही लिहिलंय का?’ मी सगळे लेख धुंडाळले, यावर तुमचं काहीच नाही. कंपनीला मी ‘नाही’ असंच कळवतेय. या बाईंना मात्र सर लिहितील असं तुम्हाला न विचारता कळवून बसलेय. चित्र नसलं तरी चालेल. रागवा हवं तर, पण लिहा बाबा. मलाही ते वाचायचंय.

तुमचीच,
टकळी