बार्शीच्या पोत्याची आतली बाजू

मुरलीपुरा, जयपूर
बुधवार, सकाळचे साडेदहा (पारा आत्ताच चाळिशीच्या पुढे)

ती. स्व. शेषरावदादा यांस,

गजाननचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांगातली सहा अंगं प्रत्यक्ष टेकवली आहेत, दोन गुडघे मनातल्या मनात. पोचते समजावे.)

तुमचा रक्तदाब कसा आहे? हे मी रिवाज म्हणून विचारत नाही. पुढचं वाचण्याआधी एकदा मोजून घ्या, गोळी राहिली असेल तर घ्या आणि वहिनींना जवळ बसवा. घाबरण्यासारखं काही नाही. जयंती ठणठणीत आहे, अक्षदा सासरी सुखात आहे, मीही आहे. पत्राला कारण आहे, पण ते लहानसं आहे, शेवटी लिहितो. फोन का नाही केला असं तुम्ही विचाराल. दादा, फोनवर तुमचा आवाज ऐकू येतो, म्हणून नाही केला. आमच्या लग्नात आमटी खारट झाली तेव्हा आचाऱ्याला पातेल्यासमोर बसवून तुम्ही चार वाट्या प्यायला लावल्या होत्यात. मी बोहल्यावर होतो, पण तेव्हाच ठरवलं होतं, या माणसाला नको ती बातमी आपण कधी द्यायची नाही.

आज सकाळी जयंतीनं मला मागच्या खोलीत टेबल लावून दिलं, कागद दिले, पाण्याचा तांब्या ठेवला आणि दादाला पत्र पुरं झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही असं सांगून दार ओढून घेतलं. (बाहेरून कडी लावली आहे की नाही, ते मी पाहिलेलं नाही. लावलेली निघाली तर काय, या भीतीनं.) आज खालच्या मजल्यावर तिच्या कारखान्याची तपासणी आहे. सीतापुऱ्यात एक कंपनी आहे, ती इथले खाद्यपदार्थ परदेशी पाठवते. त्यांना आपली शेंगदाण्याची चटणी वर्षभर हवी आहे. मिळालं हे काम, तर आपल्या सहा बायकांना बारा महिने रोजगार. नाही मिळालं, तर दिवाळीनंतर शटर खाली, असं जयंतीनं मला स्पष्ट सांगितलंय. इथलं मराठी गिऱ्हाईक म्हणजे बँकेतली नि रेल्वेतली बदलीची माणसं. सहा महिन्यांत त्यांना चटणीची चटक लागते आणि सातव्या महिन्यात त्यांची भोपाळला बदली होते. त्यांच्यावर कारखाना चालत नाही.

पण त्या परदेशी लोकांना चटणी नुसती चवीला चांगली असून भागत नाही. वीज कुठली वापरली, धूर किती झाला, माल कोणत्या गाडीतून गेला, सगळं विचारतात. (चटणी खाताना माणसाला इतकं कसं सुचतं, मला कळत नाही. मला फक्त पाणी सुचतं.) हे तपासायला शेखावत मॅडम नावाच्या बाई येणार आहेत, आणि त्यांच्यासमोर मी असू नये म्हणून मी इथे आहे. का ते सांगतो.

तुम्हाला माहीतच आहे, मी छत्तीस वर्षं आगीचे आणि अपघातांचे विमा-दावे तपासले. अशा माणसाला वस्तू दिसत नाही, वस्तूचं नुकसान दिसतं. समई दिसली की पडदा दिसतो. जिना दिसला की प्लॅस्टर घातलेला पाय दिसतो. जयंतीनं कारखान्याच्या छतावर सोलर पॅनल बसवायची ठरवली तेव्हा बसवणाऱ्या माणसाला मी सतरा प्रश्न विचारले आणि तो आठव्या प्रश्नाला जिना उतरून गेला. पॅनल बसली. भाजणीचं यंत्र आणि कुटायचं यंत्र उन्हावर चालायला लागलं, गॅसच्या टाक्या गेल्या, आणि माझी झोप त्यांच्यामागून गेली. मे महिन्यात इथे आंधी येते, म्हणजे धुळीचं वादळ. पॅनल उडून शेजारच्या शर्माजींच्या अंगणात पडलं तर? मी वाळत घालायच्या दोरीनं सगळी पॅनल पाण्याच्या टाकीला बांधली. मग वाटलं, टाकीच उडाली तर पॅनलही घेऊन जाईल. सोडली. तेवढ्यात आंधी आली आणि मी एका खांबाला मिठी मारून पाऊण तास उभा राहिलो. पॅनल जागची हलली नाहीत. माझ्या कानातून मात्र अजून वाळू निघते.

धूळ बसली की वीज निम्मी होते, म्हणून रोज पहाटे पॅनल पुसावी लागतात. ते मी करतो, कमरेला दोर बांधून. (दोराचं दुसरं टोक टाकीला. टाकीवर आता माझा विश्वास बसला आहे.) माकडं असतातच. त्यांच्यासाठी मी काठी ठेवली होती, ती त्यांनी नेली. आणि सगळ्यात मोठी फजिती राहिलीच. छतभर पॅनल झाल्यावर मिरच्या कुठे वाळवायच्या, हा विचार कुणीच केला नव्हता. उन्हाची वीज झाली आणि मिरच्यांना ऊन उरलं नाही. एक विक्रेता आला, म्हणाला विजेवर चालणारं वाळवण-यंत्र घ्या. जयंतीनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो चहा तसाच ठेवून गेला. आता मिरच्या शर्माजींच्या गच्चीवर असतात आणि आठवड्याला चटणीची एक बरणी त्यांच्याकडे जाते. इथे विम्याचा काही प्रश्न नाही, फक्त शर्माजींना पित्त आहे.

मग बॅटरीवर चालणारी तीनचाकी मालगाडी आली. चालवायला भंवरलालजी, पन्नाशीचा शांत माणूस. मी पेपरात वाचलं होतं की बॅटरी जास्त चार्ज झाली तर पेट घेते. (दादा, यापुढचं जयंतीला कधीही सांगू नका.) दुपारी ती जेवायला बसली की मी गुपचूप जाऊन चार्जिंगचा प्लग काढायचो. जेवण झाल्यावर परत लावायचो. ती जेवते सावकाश, त्यामुळे बॅटरी कधीच पुरी भरायची नाही. पंधरा दिवसांपूर्वी नमुन्याचे खोके घेऊन आम्ही सीतापुऱ्याला निघालो. वाटेत झालान्याच्या एका ऑफिसात सही घ्यायची होती, तिथे उशीर झाला, आणि दिवेलागणीच्या सुमाराला, झालान्याच्या जंगलाच्या भिंतीला लागून, गाडी थांबली. बॅटरी संपली होती. त्या जंगलात बिबटे आहेत, हे जयपुरात लहान मूलसुद्धा सांगेल. ही गाडी आवाजही करत नाही. डिझेलची असती तर निदान तिच्या खोकण्यानं जनावर बिचकलं असतं.

भंवरलालजी म्हणाले, "बघेरा है साहब, बीमा एजेंट थोड़े ही है जो पीछे पड़ेगा." (बिबट्याला इकडे बघेरा म्हणतात.) मला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याच वेळी झाडीत काहीतरी ओरडलं आणि मी मागच्या पेटीत खोक्यांमध्ये शिरलो होतो. (तो मोर होता, हे नंतर कळलं.) पेटीची कडी बाहेरून लागते, म्हणून ती मीच भंवरलालजींना लावायला सांगितली. मग त्यांनी गाडी ढकलत नेऊन कुणा ऑफिसच्या चौकीदाराकडे चार्जर लावला, दोघांनी चहा घेतला आणि तासाभरानं गाडी निघाली. कडीची आठवण त्यांना सीतापुऱ्यात फाटकाशी आल्यावर झाली. त्यांनी पेटी उघडली तेव्हा समोर शेखावत मॅडम माल उतरवून घ्यायला उभ्या होत्या. सोळा खोके उतरायचे होते आणि सतरावा मी. अंगाला लसणाचा वास. नमस्कार करून मी पहिलं वाक्य बोललो ते असं: बॅटरी पेट घेऊ शकते, पण अजून घेतलेली नाही.

तर म्हणून मी आज मागच्या खोलीत आहे.

तुमचं पोतं सोमवारी पोचलं. आतल्या गाठोड्यातली आंबोशी, काराळाची चटणी, वहिनींनी दिलेला मोगऱ्याचा सुकलेला गजरासुद्धा. दादा, तुम्ही बोलायला कडक, पण बावीस वर्षं शेंगदाण्याच्या प्रत्येक पोत्यात बहिणीसाठी काही ना काही बांधून पाठवता. भाऊबीजेची साडीही पोत्यातूनच येते, ती नेसली की घरभर शेंगदाण्यांचा वास सुटतो. तुमचं पोतं जयंती दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही. स्वतः सुतळी कापते, गाठोडं घेऊन आतल्या खोलीत जाते आणि पाच मिनिटं बाहेर येत नाही. मग शेंगदाणे ओतते, पोतं झटकते, घडी घालून कपाटात ठेवते. बार्शीच्या दाण्याची चव इकडच्या मातीला यायची नाही, हे मी शेखावत मॅडमना तोंडावर सांगितलंय. इकडचा दाणा मी डोळे मिटून ओळखतो म्हणालो. त्यांनी कंपनीचा फॉर्म पुढे केला. कोणता माल कुठून येतो, किती किलोमीटरवरून, कशातून, असे रकाने होते. मी खरं खरं भरलं. त्यात एका जागी मॅडमनी लाल पेनानं गोल केला. कुठे, ते शेवटी लिहितो.

वर पावलं वाजताहेत. बाई छतावर पोचल्या वाटतं. जिन्याच्या चौथ्या पायरीला कठडा नाही, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. मला लिहवत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुमच्याविषयी मनात जो आदर (म्हणजे भीतीच, पण चांगल्या अर्थानं) आहे तो वाढता असावा.

आपला,
गजानन

ता. क. दुपारचे दीड. मॅडम सुखरूप उतरल्या. काम मिळालं. सहाही बायका खाली पेढे वाटताहेत, जयंती रडली. अट एकच आहे. लाल गोल बार्शीभोवती होता. बाराशे किलोमीटरवरून डिझेलच्या ट्रकनं दाणे आणलेले चालणार नाहीत, शंभराच्या आतले हवेत. चौमूंची मंडी इथून तीस किलोमीटर आहे, आपली गाडी एका चार्जिंगवर जाऊन येते. तेव्हा दादा, पुढच्या महिन्यापासून तुमच्या दुकानाचे शेंगदाणे आम्हाला नकोत. लिहिलं एकदाचं. जयंतीला हे तुम्हाला सांगवेना, म्हणून मला बसवलं. तिला वाटतं, पोतं थांबलं की माहेर थांबलं. कृपा करून वहिनींना पाण्याचा पेला हातात ठेवायला सांगा.

ता. क. दुसरा. दुपारचे तीन. मॅडमना शेवटच्या ट्रकचा पुरावा म्हणून पोत्याचा फोटो हवा होता. कपाट उघडून मी सोमवारचं पोतं काढलं. बाहेरून कोरं. पण छत्तीस वर्षं दावे तपासलेल्या माणसाचा हात आत गेल्याशिवाय राहत नाही. पोतं उलटं शिवलेलं होतं. आतल्या बाजूला छापलंय: एका आडत्याचं नाव, आणि खाली चौमूं, जिला जयपूर. दादा, मी एकामागून एक सगळी पोती उलटून पाहिली. तीन वर्षांपासून सगळी अशीच. म्हणजे माझ्या दारापासून तीस किलोमीटरवरचा दाणा बार्शीला गेला, तिथे तुम्ही पोतं उलटं केलंत, गाठोडं घातलंत, पुन्हा शिवलंत आणि इकडे पाठवलंत. तिकडे सगळ्यांनी सोयाबीन धरलं असणार, भुईमूग मिळेनासा झाला असणार, पण हे तुम्ही कधी बोलला नाहीत. बोललात तर पोती थांबतील, म्हणून. इतकी वर्षं मी तुम्हाला भ्यायलो, आणि तुम्ही तिकडे पोती उलटी शिवत बसला होतात. (डोळे मिटून दाणा ओळखणाऱ्या माझ्या जिभेबद्दल कुणाजवळ काही बोलू नका.) मी फॉर्मात बाराशे किलोमीटर लिहिलेत, खरे चोवीसशे आहेत. नोकरीत मी कधी खोटा अहवाल दिला नाही, पण या दाव्याची फाइल मी बंद करतो आहे.

ता. क. तिसरा. पोती घाईघाईनं परत ठेवत होतो, जयंतीला कळू नये म्हणून. तेव्हा लक्षात आलं. उलटं करून झटकल्याशिवाय ती कुठलंच पोतं ठेवत नाही, एक दाणा आत राहू देत नाही. तीन वर्षांची पोती तिनं उलटून झटकली आणि छापलेली बाजू पुन्हा आत घालून घडी केली. तिला पहिल्यापासून ठाऊक आहे. ती दारात येऊन उभी राहिली, कपाट उघडं पाहिलं, माझ्या हातातलं पोतं घेतलं आणि घडी घालता घालता म्हणाली, "दादाला लिहा, शेंगदाणे नकोत, पण गाठोडं पोस्टानं पाठवू नकोस, पोत्यातूनच पाठव." फॉर्म मी तीनदा वाचलाय, घरच्या पोत्याला त्यात रकाना नाही. रेल्वेनं पाठवा, मॅडमना रेल्वे चालते. आत काय घालायचं ते तुम्ही ठरवा. आणि दादा, यापुढे पोतं सुलटं शिवलंत तरी चालेल.