वेगळं भरायचं

९ एप्रिल १९८३, लातूर

मी टॅक्स भरणार! मी! — म्हणजे अजून ठरलं नाही. पण भरू शकते. वीरण्णा वकील आज तसं म्हणाले.

आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. लातूर जिल्हा झाल्यापासून ह्यांना बांधकामाची लई कामं मिळाली — ऑफिसं, क्वार्टर्स. त्यामुळे यंदा पहिल्यांदाच टॅक्स लागतोय. नकाशे सगळे मी काढते, त्याचा ह्यांच्याकडून पगार घेते. वकील म्हणाले, "बायकोचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतेत. कायदाच तसा हाय." माझं तोंड उतरलं. तेवढ्यात — "पण बाई, तुमचं त्या कामाचं शिक्षण हाय का?"

हाय की! नांदेडच्या आयटीआयचं सर्टिफिकेट! नकाशाच्या वर्गात मी एकटीच पोरगी होते.

"मग वेगळं भरा. तुमच्या नावानं. पण चौकशी लागली तर इन्कमटॅक्सचे साहेब तुम्हालाच बोलावतील. जमंल?"

"जमंल," मी म्हणाले. वकिलांनी विचारून संपवायच्या आतच!

१० एप्रिल

ह्यांना पटत नाही. "एकातच टाकू. कशाला कटकट? लोक म्हणतील साहेबरावनं टॅक्स चुकवायला बायकोला उभं केलं."

वरणात मीठ टाकायचं राहिलं.

१४ एप्रिल

जयंती! टँकर दोन दिवस आला नाही, अंघोळीला पाणी नाही — तरी मिरवणुकीत नाचले. पांढरी साडी मातकट झाली. धुवायची कशात!

१७ एप्रिल

आज विचारलंच. तलाठी क्वार्टरचा नकाशा ह्यांच्यापुढे पसरला.

"हा कुणी काढला?"

"तू."

"बांधताना जिना चुकला होता, कुणी धरलं?"

"तूच."

"मग लोक काय म्हणतील ते मला सांगता का?"

ह्यांनी नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला. मग हसले. "साहेबानं बोलावलं तर मी बाहेर बाकावर बसतो. आत तू जा."

वेगळं भरायचं! ठरलं! साखर होती तेवढी सगळी चहात टाकली.

१९ एप्रिल

माझ्या माहेरचा नरसिंग एसटीत कंडक्टर आहे. स्टँडवर भेटला. आनंदाच्या भरात त्यालाही सांगून टाकलं — आम्ही आता वेगळं भरून राहिलो!

२३ एप्रिल

आई आली! एकटीच. लोह्याच्या पलीकडून दोन गाड्या बदलून, उन्हात. दारातच रडायला लागली. "नरसिंग म्हन्ला, चांगुणा वेगळी होऊन राहिली. मारतेत का गं जावई?"

जावई आत चहा करत होते!

हसता हसता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग तिला बसवून समजावलं. तिनं सगळं ऐकलं.

"म्हंजी दोघांचं काम एकाच घरात, पर तुझं तुझ्या नावावर?"

"हाव."

"अन् त्यांस्नी राग न्हाई आला?"

"आला होता. गेला."

आईचा चहा तसाच राहिला. मग म्हणाली, "तळ्यावर मी अन् तुझा बाबा दोघंबी माती टाकतो. हजेरीच्या मस्टरवर एकच नाव — मारोती. माझी मजुरी बी त्योच उचलतो. मला कुणी इचारलंच न्हाई. मी बी न्हाई इचारलं."

दुष्काळी काम सुरू झालं तेव्हापासून असंच चाललंय. मी लेक असून मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

२५ एप्रिल

सही केली! वकिलांच्या टेबलावर, माझ्या नावाखाली. सहीची शेपटी लांबच लांब गेली. वीरण्णा म्हणाले, "बाई, कागदाच्या बाहेर नका जाऊ!"

आई शेजारीच उभी होती. कागद हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला. माझं नाव कुठं आहे विचारलं. मी दाखवलं. त्यावर बोट ठेवून उभी राहिली.

दुपारच्या नांदेड गाडीनं गेली. राह म्हटलं तर — "न्हाई. उद्या तळ्यावर जायचंय."

३० एप्रिल

नळ आला. घागरी, बादल्या, ताटंसुद्धा भरली.

४ मे

नरसिंग निरोप घेऊन आला. आईनं मुकादमाला सांगितलं, मस्टरवर माझं नाव वेगळं लिव्हा. तो नाही म्हणाला. आईनं मातीची पाटी खाली ठेवली अन् बांधावर बसली. मग बाकीच्या बायका बसल्या — सगळ्या! तळ्याचं काम बंद आहे. मुकादम कायदा विचारतोय, अन् आई म्हणते, माझ्या लेकीला बोलवा.

निघाले!