नव्या पिकअपची मागची सीट

मस्कत, १४ फेब्रुवारी २००८

तीर्थरूप भाऊंना प्रितमचा नमस्कार. मी मजेत आहे, जेवण बरं मिळतं.

तुम्ही मागे सीट असलेली, एसीवाली पिकअप घेताय, असं धाकट्या मितेशने सांगितलं. राहनाळच्या गोडाऊनचा माल वाहायचा, तर हौदा मोठा नको? तो तुम्ही बघितलाही नाही म्हणे. भिवंडीच्या शोरूममध्ये एवढंच विचारलंत, “पायरी खाली हाय ना? मागं मानूस आडवा होईल?”

कोण आडवं होणार? आई तर हळदीला टेम्पोच्या हौद्यात उभी राहून गात जाते. केबिनमध्ये बस म्हटलं तर चिडते.

हल्ली कधीही फोन केला की ती शेजारी गेलेली असते.

काकांच्या निशाच्या हळदीला आई गायली का, तेवढं खरं कळवा.

तुमचा मुलगा,
प्रितम